रामा शेट्टीला घाई नव्हती

१९८३ साली ‘अर्धसत्य’ आला, तेव्हा आम्हा नगरकरांसाठी तो ओम पुरींचा नव्हे, सदाशिव अमरापूरकरांचा सिनेमा होता. नगरमध्ये जन्मलेला, नाटकात रमलेला आपला माणूस गोविंद निहलानींच्या सिनेमात खलनायक झाला होता. माझे मामा हौशी नाटकवाले. त्यांच्या सायकलवर बसून मी गेलो. तेव्हा मी शाळेत होतो.

खलनायक म्हणजे आरडाओरडा, अशी माझी समजूत. हा रामा शेट्टी आवाजसुद्धा चढवत नव्हता. समोर ओम पुरींचा वर्दीतला अनंत वेलणकर संतापाने धुमसतोय आणि याला कसलीच घाई नाही. वरून येणारा शब्द आपल्याच बाजूने येणार, हे त्याला ठाऊक. त्या स्वस्थपणाची मला भीती वाटली, कारण तसं बसणारी माणसं मी गावात पाहिली होती.

अशा काळोख्या सिनेमाचं ‘फिल्म न्वार’ हे नाव फार उशिरा कानावर आलं. अमेरिकन गुन्हेपटांना ते फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये दिलं. तिथला काळोख सावल्यांचा, ओल्या रस्त्यांचा. ‘अर्धसत्य’मधला काळोख श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेतून, विजय तेंडुलकरांच्या पटकथेतून आलेला. बायकोला मारणारा पोलीस बाप, ते मुकाट पाहणारा मुलगा आणि पुढे त्याच मुलाच्या अंगावर चढलेली वर्दी.

शेवटी वेलणकर शेट्टीचा गळा दाबतो तेव्हा थिएटर दणाणलं. मीही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. पुढे ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अमरापूरकरांना फिल्मफेअर. नगरला त्याचं केवढं अप्रूप!

नोव्हेंबर २०१४ मध्ये अमरापूरकर गेले. नगरलाच त्यांना निरोप दिला. त्या रात्री मी सिनेमा पुन्हा लावला आणि मध्येच थांबवला. लॉकअपमध्ये वेलणकर एका भुरट्या चोराला मरेस्तोवर मारतो. एका रेडिओपायी. शेट्टीची नजर, त्याचं बोलणं मला तोंडपाठ होतं, आणि हा प्रसंग पार पुसला गेला होता. हेच प्रकरण मिटवायला तर वेलणकर शेट्टीच्या दारात जातो. आमच्या टाळ्या त्यानंतरच्या.

तेव्हा, पहिल्यांदा सिनेमा पाहून परतताना, सायकलवर मामा गप्पच होते. चढावर खाली उतरले, तेव्हा एवढंच म्हणाले, “त्या रेडिओवाल्या पोराचं काय रे?”

“कोणता पोरगा, मामा?” मी विचारलं होतं.