कपाट अमेरिकेत, फोन नगरला

२०१३ साली मी नोकियाचा लुमिया ५२० घेतला तो किंमत बघून. दहा-साडेदहा हजारांत नवाकोरा, वर नोकियाचं नाव असलेला, हातातून पडला तर बॅटरी आणि झाकण परत बसवून चालू होणारा फोन तेव्हा दुसरा दिसला नाही. त्यात अँड्रॉइडऐवजी विंडोज आहे याचं दुकानदाराने कौतुकच केलं. म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरवालीच कंपनी आहे, काळजीच नाही." रंगीत चौकोनांचा तो पडदा मला आवडला होता, आणि अक्षरं इतकी स्वच्छ मांडणारा फोन त्या किमतीत मला पुढे मिळालेला नाही, हे आजही म्हणेन.

पण ज्या बायबल ॲपवर माझा सगळा अभ्यास उभा होता, ते या फोनवर मिळत नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरवर होतं, मिस्टरांच्या जुन्या आयपॉडवर होतं, अँड्रॉइडवर होतं. विंडोज फोनसाठी मात्र "सध्या उपलब्ध नाही".

बायबल नुसतं वाचायचं तर विंडोजच्या स्टोअरमध्ये ॲप होती. मला मात्र दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या मंडळीच्या भगिनी मंडळात पाठ घ्यायचा असतो, आणि त्याची तयारी मी शाळेत जाता-येता, ऑफ तासाला करते. एखादं वचन काढलं की त्याच्याशी जुळणारी इतर वचनं शेजारी हवीत, तीन-चार भाषांतरं एकाखाली एक हवीत, टीकाग्रंथ उघडता यायला हवा. शिवाय शब्दावर बोट ठेवलं की मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द समोर यायला हवा. ही शेवटची सोय जेम्स स्ट्राँग या अमेरिकन प्राध्यापकाची देणगी. १८९० साली त्याने बायबलची जी शब्दसूची छापली, तिच्यात हिब्रू शब्दांना ८६७४ पर्यंत आणि ग्रीक शब्दांना ५६२४ पर्यंत नंबर पाडलेले होते. तो नंबर धरून मूळ शब्द कुठे कुठे आलाय ते हिब्रू न येणाऱ्यालाही शोधता येतं. मी गणित शिकवते. शब्दाला नंबर असण्याचं सुख मला वेगळं समजवावं लागलं नाही.

मग दुसरं ॲप का नाही घेतलं, असं सगळे विचारायचे. ॲप फुकट होतं, पुस्तकं फुकट नव्हती. दर सवलतीत एखादा टीकाग्रंथ, एखादा कोश, असं करत मी डॉलरांत बरंच काही घेऊन ठेवलं होतं, आणि त्या फायली त्याच ॲपमध्ये उघडायच्या. कपाट माझं, आतली पुस्तकं माझी, किल्ली मात्र अमेरिकेत. वर वचनावचनाला जोडलेली माझी टिपणं. पुस्तकं एक वेळ परत घेता येतात, पण रोमकरांस पत्रावर मी वर्षभर लिहिलेलं कुठे मिळणार?

कंपनीला ईमेल केली. उत्तर आलं, फार सभ्य: आपली विनंती नोंदवली आहे.

या नोंदवण्यामागे काय असतं ते हळूहळू वाचून कळलं. असली ॲप काढणारी दुकानं छोटी. मजकूर शोधून मांडणारं त्यांचं इंजिन बहुतेक वेळा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं असतं, आणि विंडोज फोन ७ वर बाहेरच्यांना त्या भाषेत लिहायची परवानगीच नव्हती. २०१२ च्या अखेरीस आलेल्या विंडोज फोन ८ ने ती दिली. माझा ५२० आठवालाच, त्यामुळे आशा वाटली. पण इंजिन चाललं तरी वरचा सगळा पडदा नव्याने लिहावा लागतो आणि प्रत्येक अपडेटला आणखी एका फोनवर तपासावा लागतो. जगात खपणाऱ्या शंभर स्मार्टफोनांत तेव्हा विंडोजचे तीन-चार, तेही चांगल्या वर्षी. हे गणित मी वर्गात घातलं असतं तर सातवीच्या पोरांनीही बरोबर सोडवलं असतं.

तरी वाट बघणं सुटलं नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्ट नोकियाचा फोन-धंदा विकत घेणार असं जाहीर झालं, तेव्हा वाटलं, आता जोर लावतील. एप्रिल २०१५ मध्ये तर अँड्रॉइडची ॲप फारशी न बदलता विंडोज फोनवर चालवायची योजनाच मांडली गेली, नाव ॲस्टोरिया. त्या रात्री मी मिस्टरांना उठवून ती बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, "बघ हं, प्रभूचं दुसरं आगमन आधी की तुझं ॲप आधी," आणि कूस बदलून झोपले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲस्टोरिया गुंडाळली. पुढच्याच महिन्यात विंडोज १० कुठल्या जुन्या फोनांना मिळणार त्याची यादी आली, तिच्यात ५२० नव्हताच. ॲस्टोरिया तर विंडोज १० वरच चालायची होती, म्हणजे योजना टिकली असती तरी मला तिचा काडीचा उपयोग नव्हता.

दरम्यान गुरुवार काही थांबत नव्हते. क्रॉसवायर बायबल सोसायटी नावाची स्वयंसेवकांची संस्था बायबलचे मजकूर आणि ते वाचायची प्रणाली सर्वांना मोकळी ठेवते. ते मजकूर उघडणारं एक साधं ॲप मला विंडोजवर सापडलं. त्यात स्ट्राँगच्या नंबरांसकट किंग जेम्स हे इंग्रजी भाषांतर होतं. दिसायला ओबडधोबड, पण त्याने माझे पाठ निभावले.

एका गुरुवारी मी त्यातून काहीतरी दाखवत होते. मंडळातल्या एक मावशी मांडीवर चेनच्या कव्हरातलं पवित्र शास्त्र घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "बाई, ह्याच्यात आपलं मराठी कुठंय?"

ह्याच्यात नव्हतं. ज्याची मी इतकी वाट बघत होते त्या ॲपच्या दुकानातही नव्हतं. आमच्या नगरपासून गाडीने काही तासांवर केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झालं. ज्या कामासाठी मला अमेरिकन ॲप लागत होतं, ते त्या बाईने कोश उघडून हाताने केलं, तेही साध्या बायकांना कळावं म्हणून. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर. महाराष्ट्रातले ख्रिस्ती मात्र सगळ्या भाषांचे मिळून पावणेअकरा लाखांच्या आसपास, आणि त्यांतले फोनवर शब्दाचे नंबर शोधणारे किती असतील? विनंत्या नोंदवणाऱ्या परदेशातल्या त्या टेबलापुढच्या रांगेत आम्ही मराठीवाले विंडोज फोनवाल्यांच्याही मागे उभे होतो. मला हे आधी दिसलं नाही, कारण इंग्रजी वाचता येत असल्यामुळे भाषेच्या रांगेत मला उभंच राहावं लागलं नव्हतं. मावशी जन्मभर त्याच रांगेत होत्या.

२०१७ च्या जुलैत विंडोज फोन ८.१ चा आधार बंद झाला, आणि मीही अँड्रॉइड घेतला. ॲप पाच मिनिटांत आलं. कपाट उतरलं, रोमकरांस पत्रावरची टिपणं जिथल्या तिथे होती. इतक्या वर्षांनंतर मोठा आनंद व्हायला हवा होता. झाला तो बेताचाच. मी लगेच कंपनीला मराठीबद्दल लिहिलं. या वेळी उत्तर सविस्तर होतं: भाषांतराचे हक्क प्रकाशकाकडे असतात, करार झाल्याशिवाय मजकूर घालता येत नाही. रास्त होतं. विनंती अर्थातच नोंदवली होती.

मार्ग निघाला तो दुसरीकडून. इंडियन रिवाइज्ड व्हर्जन नावाचं एक मराठी भाषांतर खुल्या परवान्यावर मिळतं. मूळ नाव देऊन ते कुणीही, कुठल्याही ॲपमध्ये घालू शकतं. त्याच्या भाषेबद्दल माझ्या तक्रारी आहेत. कान जुन्या मराठीला सरावलेले असले की 'उपासना संगीत'मधली गीतं गाऊन झाल्यावर हे सपाट वाटतं. पण ते हातात येतं, आणि त्यासाठी कुणाची सही लागत नाही. माझ्या फोनवर अँड्रॉइड ७ असल्यामुळे पडदा दुभागता येतो. वर इंग्रजी, नंबर आणि टीका. खाली दुसऱ्या ॲपमध्ये मराठी. दोन्ही ॲप एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून अध्याय दोनदा काढावा लागतो.

पहिल्यांदा हे मांडून दाखवलं तेव्हा मावशींनी फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ खालचा अर्धा भाग वाचला. मी वरच्या नंबरांबद्दल सांगायला लागले.

"नंबर राहू द्या," त्या म्हणाल्या, "अक्षर मोठं होतं का ते सांगा."

होत होतं.