त्यानं सांगून तरी ठेवलं

गेली पंधरा-सोळा वर्षे मी पदवीच्या वर्गाला साहित्यशास्त्र शिकवतो आहे. दरवर्षी केव्हातरी 'करुणरसापासून आनंद कसा होतो?' या प्रश्नापाशी आम्ही येऊन पोहोचतो. भट्टनायकाचे साधारणीकरण, अभिनवगुप्ताने त्याला दिलेली जोड, ॲरिस्टॉटलचे कॅथार्सिस असे सारे फळ्यावर नीट मांडून दिले, की विद्यार्थ्यांची दहा गुणांची सोय होते आणि माझे समाधान. हा प्रश्न एक दिवस उठून माझ्याच घरी येईल, असे मला कधी वाटले नव्हते. तो आला २६ एप्रिल २०१९ रोजी, शुक्रवारी, चैत्रातल्या रणरणत्या दुपारी.

आम्ही कुंभारीला राहतो. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणाऱ्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलात. दहा हजार विडी कामगार स्त्रियांच्या हक्काच्या घरांची ही वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, तेव्हा आमच्या अम्मालाही त्यात एक घर मिळाले. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाच्या लेखिकेचे नाव आपल्या पत्त्यात आहे, याचे मराठीचा शिक्षक म्हणून मला अप्रूप. घरात मात्र आम्ही तेलुगू बोलतो. मराठी मी शाळेत मिळवली आणि पुढे तिच्यावरच पोट भरू लागलो. अम्मा चाळीस वर्षांहून अधिक काळ विड्या वळते आहे. माझी मोठी बहीण आणि तिचा मुलगा २०१६ पासून आमच्याकडेच असतात. त्या वर्षी माझे मेहुणे गेले. ते यंत्रमागावर कामाला होते.

तर त्या शुक्रवारी माझा भाचा 'ॲव्हेंजर्स : एंडगेम' पाहून आला. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेला, सतरा वर्षांचा मुलगा. आला तो सरळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ताईने ताट वाढले, तो उठला नाही. अम्माने हातातले सूप बाजूला ठेवून कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. काय झाले म्हणून विचारले, तेव्हा भिंतीकडेच पाहत तो म्हणाला, "गेला, मामा. टोनी स्टार्क गेला."

मी हसलो. "अरे, तो होता तरी कधी?"

हे वाक्य मला त्या वेळी फार मार्मिक वाटले होते.

२००८ मध्ये 'आयर्न मॅन'पासून सुरू झालेल्या मालिकेतला हा बाविसावा चित्रपट, तीन तास आणि वर एक मिनिट लांबीचा. भारतात इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ आणि तेलुगूत तो आला आणि पहिल्याच दिवशी त्याने पन्नास कोटींहून अधिक कमाई केली. या चित्रपटात टोनी स्टार्क, म्हणजेच आयर्न मॅन, जगाला वाचवताना मरतो. जगभरच्या प्रेक्षकांनी त्याचा जो शोक केला, त्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत येत होत्या. चीनमधल्या निंगबो शहरातील एका तरुणीला रडून रडून श्वास घेता येईना, म्हणून रुग्णालयात न्यावे लागले, अशी एक बातमी मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली होती. आम्ही सारे हसलो होतो. भांडवलाने पोसलेली भावुकता, असे काहीतरी एक सहकारी म्हणाले आणि मीही मान डोलावली.

रात्री वीज गेली म्हणून आम्ही गच्चीवर झोपायला गेलो. अंधारात भाचा आपण होऊन बोलू लागला. टोनी स्टार्कला एक लहान मुलगी आहे. मोहिमेवर जाण्याआधी तो तिच्यासाठी आणि घरच्यांसाठी स्वतःचे बोलणे चित्रित करून ठेवतो. तो गेल्यावर घरातली माणसे एकत्र बसून ते पाहतात. एवढे सांगून तो थांबला आणि मग म्हणाला, "त्यानं जाण्याआधी सांगून तरी ठेवलं, मामा."

मला उत्तर सुचले नाही.

मेहुणे गेले ते सकाळी कामावर असताना, एकाएकी. त्यांनी कुणाला काही सांगून ठेवले नव्हते. २०१२ मध्ये या मालिकेतला पहिला 'ॲव्हेंजर्स' आला, तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला सुट्टीच्या दिवशी सायकलवर बसवून तेच तो दाखवायला घेऊन गेले होते. पुढचे काही चित्रपटही बापलेकाने मिळून पाहिले. नंतरचे मुलाने एकट्याने. हे सारे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि ध्यानात येणे यांत अंतर असते.

त्याहून जड गोष्ट पुढे आहे. मेहुण्यांना नेण्याची तयारी चालली असताना हा चौदा वर्षांचा मुलगा दारात उभा होता. त्याचा ओठ थरथरत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "आता तू रडायचं नाहीस. आईकडे बघ. तू कर्ता आहेस." तो रडला नाही. त्या दिवशी नाही आणि दहाव्या दिवशीही नाही. नातेवाइकांनी त्याचे कौतुक केले. मुलगा धीराचा आहे, मामाचे वळण आहे, असे म्हणाले. तीन वर्षे त्याने माझा शब्द पाळला आणि मग चित्रपटगृहाच्या अंधारात, जिथे कुणी त्याला ओळखत नव्हते आणि आजूबाजूची सगळीच मुले रडत होती, तिथे तो मोडला. मी त्याला विचारत होतो, तो होता तरी कधी!

शास्त्र असे सांगते, की रंगभूमीवरचा शोक हा 'माझा' राहत नाही आणि 'त्याचा'ही राहत नाही. म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. हे मी आजही शिकवतो आणि ते खोटे आहे असे मला वाटत नाही. पण त्या मुलाच्या बाबतीत गोष्ट उलट्या दिशेने घडली होती. ज्या शोकाला घरात, गल्लीत, स्मशानात जागा मिळाली नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी मरणात शिरून आपला झाला होता. शोक कुणाचाच नव्हता म्हणून तो रडू शकला, की अखेर स्वतःचा होता म्हणून? या प्रश्नाचे उत्तर मी फळ्यावर लिहू शकणार नाही.

अम्माची प्रतिक्रिया मात्र निराळीच. २०२० च्या टाळेबंदीत विड्यांचे काम बंद पडले. पानांशिवाय, तंबाखूशिवाय तिची बोटे रिकामी झाली. बसल्या बसल्या ती लुगड्याचा काठ गुंडाळीत राही. एका दुपारी भाच्याने तिला मोबाइलवर तोच चित्रपट तेलुगूत लावून दिला. सुरुवातीलाच तिने विचारले, "यात मरतो कोण?" भाचा हादरलाच. शेवट कुणाला सांगू नका, म्हणून दिग्दर्शक रूसो बंधूंनी प्रदर्शनाआधी जाहीर पत्र लिहून विनवले होते आणि त्याने ते व्रतासारखे पाळले होते. अम्मा म्हणाली, "आधी सांगितलंस तर नीट बघता येतं रे." हरिकथा ऐकत मोठी झालेली ती बाई. भीष्म पडणार, अभिमन्यू परत येणार नाही, हे जिला गोष्ट सुरू होण्याआधीच माहीत, तिला 'पुढे काय' यापेक्षा 'कसे' याचीच ओढ असणार.

खलनायक थॅनोस बोलू लागला, तशी ती एकदम ओरडली, "अरे, हा भल्लालदेव इथं काय करतोय?" तेलुगूत थॅनोसला आवाज राणा दग्गुबाटीचा आहे आणि 'बाहुबली'तला तो आवाज आमच्या वसाहतीत कुणीही ओळखेल. आम्ही सगळे पोट धरून हसलो. शेवटी मात्र ती गप्प झाली. तळ्याकाठी काळ्या कपड्यांतली माणसे जमली आहेत, पाण्यावर फुलांचे चक्र सोडले आहे आणि कुणीही एक शब्द बोलत नाही, असा तो प्रसंग. अम्माने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "रडायला बाई नाही का कुणी तिथं?"

थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही असे, ती म्हणाली, "पोराला रडू द्यायला पाहिजे होतं."

चित्रपटात तळ्याकाठी उभी असते ती मुलगी. अम्माने 'पोराला' म्हटले होते. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

इरावती कर्व्यांचे 'युगान्त' मी अनेकदा वाचले आहे, पण मौसलपर्वाची आठवण होऊन मन अस्वस्थ झाले ते त्या दिवशी. कृष्ण जातो तो एका व्याधाच्या बाणाने. द्वारकेतल्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनाच्या हातून गांडीव पेलवत नाही आणि आभीर त्याच्यादेखत त्या स्त्रियांना पळवतात. आपल्या महाकाव्याने आपल्या वीरांना विजयाच्या शिखरावर थांबू दिले नाही. थेट शेवटापर्यंत चालवत नेले. व्यासांकडे कृष्णाला परत आणा म्हणून कुणी अर्ज केल्याचे ऐकिवात नाही. कॉनन डॉयलचे मात्र तसे झाले नाही. डिसेंबर १८९३ मध्ये त्याने शेरलॉक होम्सला मारले, तर चिडलेल्या हजारो वाचकांनी 'स्ट्रँड' मासिकाची वर्गणी बंद केली असे सांगतात. अखेर १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला. टोनी स्टार्कलाही परत आणा, म्हणून चाहत्यांनी २०२१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जाहिरातफलक लावला होता.

त्यामुळे जुलै २०२४ मध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनिअर या मालिकेत परत येणार, पण डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत, असे जाहीर झाले तेव्हा मला वाटले, भाच्याला आनंद होईल. तो आता पुण्यात नोकरी करतो. रात्री त्याचाच फोन आला.

"मामा, त्याला परत आणतायत."

"मग चांगलंच की."

"काय चांगलं? माणूस तोच, चेहरा तोच, आणि हा म्हणे वेगळा. मी एकदा रडलोय की, मामा."

होम्सच्या वाचकांना त्यांचा नायक परत हवा होता. या मुलाला त्याचा शेवट तसाच राहायला हवा होता. जो शोक त्याला एवढ्या कष्टाने मिळाला, तो परत घेऊन कुणीतरी त्याच्या हाती नवे तिकीट देत होते. चाहत्यांच्या अशा रागाला आपण पोरकट म्हणतो. मीही म्हणालो असतो, २०१९ च्या त्या दुपारपर्यंत.

असो. फोनवर आम्ही मग पुण्यातला पाऊस, खोलीचे भाडे, अम्माचे गुडघे असे बोलत राहिलो. दारातली ती सकाळ, त्याच्या खांद्यावरचा माझा हात आणि ते वाक्य यांविषयी मी काही बोललो नाही. मी चुकलो होतो, हे त्याला अजून सांगायचे आहे. दिवाळीला तो येईल. या वेळी सांगून ठेवायला हवे.