दोन्ही हात अडकलेले

"तासभर दोन्ही कोपरं वाकवायची नाहीत," नर्सनं बजावलं आणि मला हसू आलं. त्या दिवसांत मी चोवीस तासांत बारा-चौदा वेळा संडासला जात होते. अशा बाईच्या दोन्ही हातांच्या शिरांत सुया घालून तिला खाटेला जखडायचं, आणि तेही पोटाच्याच दुखण्यासाठी! नर्सला माझं हसू समजलं असावं. "मध्ये लागली तर सांगा. पडदा ओढू, भांडं देऊ," ती म्हणाली. पाणी हवं का विचारावं, त्या सुरात.

आमच्या कोल्हापूरच्या घरात या विषयाला शब्दच नव्हता. "जाऊन आलीस का?" एवढ्यावर भागायचं. त्यामुळे पुण्यात नोकरीला असताना पहिल्यांदा रक्त दिसलं, ते मी दोन महिने कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा एका डॉक्टरांनी मूळव्याध ठरवली, दुसऱ्यांनी रक्ती आव म्हणून मेट्रोनिडाझोल दिलं, तेही दोनदा. आईनं फोनवरून बेलाचा मुरंबा आणि डाळिंबाच्या सालीचा काढा सुचवला. दुर्बीण घालून आत बघायला आठ महिने लागले. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर आपल्याच पांढऱ्या पेशी तुटून पडतात, त्याला जखमा होतात. कशामुळे, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही.

पुढे कंपनीनं टोकियोला पाठवलं. निशिकासाईत घर घेतलं. तिथे मराठी बोलणारी माणसं भाजी घेताना भेटतात. तोझाई मार्गावरच्या कुठल्या स्टेशनात संडास फलाटाच्या कोणत्या टोकाला आहे, हे मला भाषेच्या आधी पाठ झालं. भाषाही आलीच म्हणा. 'गेरी' म्हणजे जुलाब, 'केत्सुबेन' म्हणजे शौचातलं रक्त. शिकवणीच्या पुस्तकात हे शब्द नव्हते.

मेसालामाइन पुरेनासं झालं तेव्हा स्टेरॉइड सुरू झालं. चेहरा पुरणपोळीसारखा फुगला, झोप उडाली, पण रक्त थांबलं. गोळी 15 मिलिग्रॅमच्या खाली आणली की रक्त परत हजर. असं तीनदा झालं. मग बायोलॉजिक इंजेक्शनांची गोष्ट निघाली आणि त्याआधीच्या रक्ततपासणीत शरीरात क्षयाचा जंतू सुप्त असल्याचं निघालं. आपल्याकडे वाढलेल्या माणसाच्या बाबतीत यात नवल काही नाही, पण तिथल्या तरुण डॉक्टरांचा चेहरा उतरला. ही इंजेक्शनं प्रतिकारशक्ती दाबतात, झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. आधी त्याची औषधं. तोवर काय? तोवर रक्त गाळूया, ते म्हणाले.

गाळणी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं नळकांडं. आत 220 ग्रॅम पांढरे मणी, प्रत्येक 2 मिलिमीटरचा, सेल्युलोज अॅसिटेटचा. साबुदाणाच. नाव अॅडाकॉलम, जपानमध्ये हा उपचार 2000 सालापासून विम्यात बसतो. एका हातातून रक्त निघतं, मिनिटाला 30 मिलिलिटर, मण्यांतून फिरतं आणि दुसऱ्या हातातून परत जातं. तासाभरात पावणेदोन लिटरच्या वर. चाळणीत खडे अडकतात तसं मात्र इथे होत नाही. ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी मण्यांना चिकटून राहतात, लिम्फोसाइट बऱ्याचशा निसटून जातात. चिडलेल्या पेशी आतड्यापर्यंत पोचण्याआधीच वाटेत उतरवून घ्यायच्या, असा हिशेब. बाहेरून शरीरात घालायचं ते जवळपास फक्त रक्त न गोठण्याचं औषध.

हे सगळं डायलिसिसच्या खोलीत चालायचं. शेजारच्या खाटेवर सत्तरीपुढचे एक आजोबा. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. माझ्या एका तासाकडे ते कौतुकानं बघत.

पहिल्या दिवशी गरम टॉवेलनं हात शेकून शीर वर आणली. सुई डायलिसिसचीच असावी, इतकी जाड वाटली. रक्त फिरू लागलं आणि पाचव्या मिनिटाला नाकाला खाज सुटली. पोटाची भीती घेऊन आलेल्या मला नाकानं गाठलं. नर्सला नाक खाजवायला सांगायचं म्हणजे... सांगितलं. तिनं कापसाच्या बोळ्यानं शास्त्रशुद्ध खाजवलं. चाळिसाव्या मिनिटाला मात्र खरी कळ आली. मी पायाची बोटं आवळून छताकडे बघत राहिले. वीस मिनिटं काढू, म्हटलं. दोन मिनिटंही निघेनात. शेवटी सहा खाटांच्या त्या खोलीत मी "तोइरे!" असं ओरडले. जन्मात पहिल्यांदा, एवढ्या मोठ्यानं, परक्या पुरुषांदेखत. पडदा ओढला गेला, भांडं आलं, दोघींनी मला उचललं, हात ताठच. आणि पलीकडे आजोबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सूमोच्या कुस्त्या लागल्या होत्या. पडदा उघडल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी त्यांचे आभार मानले नाहीत, कारण तो वाढवलेला आवाज फुकट गेला असता.

आठवड्यातून दोनदा, अशी दहा सत्रं. दोनदा डोकं दुखलं, एकदा शीर सापडेना म्हणून मनगटापर्यंत शोध झाला. चौथ्यानंतर रात्रीची फेरी बंद झाली. सातव्यानंतर रक्त दिसेना. सहाव्या आठवड्यात दिवसाला दोनदा आणि स्टेरॉइड 5 मिलिग्रॅम.

मी डॉक्टरांना विचारलं, हे मण्यांनी केलं की असंच होणार होतं? त्यांनी खुर्ची वळवून नीट उत्तर दिलं. 2008 साली उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. काहींना खरा उपचार, काहींना नुसता देखावा. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना माहीत नाही. खऱ्या गटात 17 टक्क्यांचा आजार शांत झाला, देखाव्याच्या गटात 11 टक्क्यांचा. एवढा फरक योगायोगानंही पडतो. उलट जपानी डॉक्टरांनी आठवड्याला एक आणि दोन सत्रांची तुलना केली तेव्हा दोनवाल्यांना सरासरी 15 दिवसांत आराम पडला, एकवाल्यांना 28. पण त्यात देखाव्याचा गट नव्हता. "तुमच्यापुरतं मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. इतकं सरळ उत्तर मला आधीच्या आठ महिन्यांत एकदाही मिळालं नव्हतं.

पैशांचंही सांगायला हवं. एक नळकांडं लाख येनच्या पुढे, आणि दर वेळी नवं. हा आजार जपान सरकारच्या 'नानब्यो' म्हणजे दुर्धर रोगांच्या यादीत आहे. कार्ड मिळालं की 30 ऐवजी 20 टक्के भरायचे आणि तेही उत्पन्नानुसार ठरलेल्या मासिक मर्यादेपर्यंत. ते नसतं तर मी गप्प घरी बसले असते.

चौदा महिने छान गेले. मिसळही खाल्ली. गेल्या महिन्यात पुन्हा रक्त दिसलं. त्याच संध्याकाळी आईला फोन केला.

"आई, संडासातून परत रक्त पडतंय."

पलीकडे क्षणभर शांतता. मुरंबा येणार, मी तयारीत.

"किती वेळा?" तिनं विचारलं.

सात, म्हटलं. पहिलं सत्र सोमवारी दुपारी अडीचला आहे.