काट्यावरची गादी

रोहिणखेडात गादी विकत घ्यायची पद्धत नव्हती. गादी भरून घ्यायची. कापूस घरचा, खोळीचं कापड बाजारचं आणि पिंजायला पिंजारी. शंभर किलो कापूस जिनातून काढला की 33-34 किलो रुई हाती लागते, बाकीची सरकी. एका माणसाच्या गादीला दहा-बारा किलो रुई पुरते. म्हणजे पस्तीसेक किलो कापूस बाजूला ठेवला की लेकीच्या लग्नातल्या गादीची सोय झाली. पिंजारी अंगणात धनुकली टांगायचा, ताणलेल्या तातीवर लाकडी दस्ता मारायचा आणि त्या आवाजासरशी रुईचे पुंजके घरभर व्हायचे. आजीच्या केसांत, झाकायच्या राहिलेल्या दुधावर, आमच्या नाकात. भरून टाके घातले की काठीने धोपटून तो गादी सारखी करायचा आणि पाणी मागायचा.

त्या गादीत निवडीचा प्रश्नच नव्हता. नवी असताना फुगीर, दुसऱ्या वर्षी बेताची, चौथ्या-पाचव्या वर्षी मधे खळगा आणि कडेला गाठी. मग उसवायची, पिंजायची, पुन्हा भरायची. मऊ की टणक हे माणूस ठरवत नसे, गादीचं वय ठरवत असे. कोणाची पाठ धरलीच तर घरातलं म्हातारं माणूस सांगे, "खाली नीज." खाली म्हणजे जमिनीवर सतरंजी टाकून. तेवढीच वैद्यकी.

आता बायकोची कंबर धरली. कापूस वेचणीत बाईची कंबर ज्या अंशात वाकलेली राहते त्या अंशात रस्त्याचं खोदकाम करणारा माणूसही दिवसभर राहत नसेल. एका बोंडातला कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा, पुढच्या झाडाकडे सरकायचं, असं सकाळपासून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर म्हणाले, गादी बदला. जुनी पिंजून घ्यावी म्हटलं तर हाताने पिंजणारा माणूस पंचक्रोशीत राहिला नाही. मशीनवर पिंजून मिळते, पण यंत्राचे खिळे रुईचे तंतू तोडतात, असं जुनी माणसं म्हणतात. शिवाय रुईही ती राहिली नाही. गावरानी कापसाचा धागा आखूड आणि जाडाभरडा. सूतगिरणीला तो नको असतो, गादीला मात्र तोच हवा, कारण जाड तंतू दबला तरी उसळून वर येतो. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या शिवारातून देशी वाण जवळजवळ गेलाच. लांब, बारीक, मऊ धाग्याची गादी लवकर बसते. जी गोष्ट गिरणीच्या फायद्याची ती आमच्या पाठीच्या तोट्याची निघाली.

तर मलकापूरला गेलो. ज्या वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत नेता यावा म्हणून 1870 साली खामगावला रेल्वे आली, लॉर्ड मेयो स्वतः ती सुरू करायला आला, त्या वऱ्हाडातला शेतकरी फोमची गादी घ्यायला निघाला होता. यात दुःख करण्यासारखं मला तरी काही वाटलं नाही. कापूस पिकवणाऱ्याने टेरिकॉट घातलं तेव्हाच तो वाद संपला होता.

दुकानदाराने दोन गाद्या काढल्या. दोन्ही नखशिखांत फोमच्या. स्प्रिंग नाही, काथ्या नाही. पहिलीत खाली साधा फोम आणि वर दोन इंच मेमरी फोम. हात दाबून उचलला की हाताचा ठसा क्षणभर तसाच राहतो आणि मग हळूहळू भरून येतो. दुसरी एचआर फोमची, म्हणजे दाबली की लगेच उसळणारी. किंमत जवळपास सारखी. पहिलीवर चंद्राचं चित्र होतं. मेमरी फोमचा जन्म 1966च्या सुमारास नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठीच्या कामातून झाला, विमानातल्या बैठकीला धक्का सोसता यावा म्हणून. चार्ल्स योस्ट नावाच्या अभियंत्याने तो बनवला. हे खरं आहे. पण त्यावरून अंतराळवीर याच गादीवर झोपतात असं जे दुकानातल्या पोराने ठोकून दिलं, ते त्याचं स्वतःचं संशोधन. वजनच नाही तिथे गादीवर दाब कसला पडणार!

फोम म्हणजे काय हे कळलं की दुकानातली निम्मी भाषा आपोआप गळून पडते. दोन रसायनं आणि थोडं पाणी एकत्र आलं की वायू सुटतो आणि मिश्रण फुगत जातं, भट्टीतल्या पावासारखं. जर्मनीत ओटो बायर यांनी 1937 साली या रसायनाची वाट काढली. फुगलेला ठोकळा थंड झाला की कापायचा, झाली गादी. किती माल घालून किती फुगवलं, यावर तिचं आयुष्य ठरतं. आत हवा जास्त आणि माल कमी असेल तर पहिल्या वर्षी राजेशाही आणि तिसऱ्या वर्षी खळगा. याला घनता म्हणतात, एका घनमीटरला किती किलो, अशी मोजतात. मऊपणाशी तिचा थेट संबंध नाही. जड फोम मऊ असू शकतो, हलका फोम टणक असू शकतो. गिऱ्हाईक तळहाताने दाबून टणक म्हणजे टिकाऊ असं धरून चालतो आणि तिथेच फसतो.

दुकानदाराला घनता विचारली. तो म्हणाला, "काका, एकदम हेवी हाये." कागदावर कुठे नव्हती. पण कापूस विकणाऱ्या माणसाला "एकदम हेवी" हे उत्तर पुरत नाही. आमचं सगळं आयुष्य काट्यावर गेलं. कापसात ओल आहे म्हणून किलो-दोन किलो कापताना पाहिलेत, धडा न करता वजन करणाऱ्यांशी भांडलोत. शेजारी आडत्याचं दुकान होतं, दारातच पोत्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा. मी म्हटलं, दोन्ही गाद्या काट्यावर घालू.

दुकानदार आधी हसला, मग पोराला हाक मारली. हिशेब सोपा होता. गादी सहा फूट लांब, पाच फूट रुंद, अर्धा फूट जाड. 15 घनफूट, म्हणजे 0.42 घनमीटर. 28 घनतेचा फोम असेल तर बारा किलोच्या आसपास भरायला हवी, 40चा असेल तर सतरा. खोळीचं किलोभर वजा धरायचं. मेमरीवाली मधे कुठेतरी भरली. पण त्यातला बराच भार वरच्या दोन इंचांचा असणार, मेमरी फोम मुळातच जड असतो. म्हणजे खालचा चार इंचांचा पाया, ज्याच्यावर सगळी मदार, तो हलका. दुसरी अख्खी एकाच फोमची, आणि काटा सतराच्या पुढे गेला. आडत्याची माणसं पोती सोडून बघायला उभी राहिली. एकाने विचारलं, "भाव काय लागला?"

वजनाने आयुष्य कळतं, झोप कळत नाही. त्यासाठी आडवंच व्हायला हवं, तेही ज्या कुशीवर आपण निजतो त्या कुशीवर, दहा-पंधरा मिनिटं. खांदा आणि ढुंगण किती रुततं, कंबर अधांतरी राहते का, हे पाठीवर दोन मिनिटं टेकून समजत नाही. आणि इथे आमची खरी अडचण झाली. भर बाजारात, रस्त्याकडे तोंड असलेल्या दुकानात, लुगडं नेसलेली बाई कुशीवर निजणार कशी? ती काठावर बसली, तळहाताने दाबलं, पदर सावरला आणि म्हणाली, "बरी हाये." दोन्हींना बरी हाये. मला वाटतं आपल्याकडच्या कितीतरी घरांत ज्या बाईची कंबर दुखते तिनेच गादी फक्त हाताने पाहिलेली असते आणि जो पुरुष कुठेही घोरतो तो मात्र दुकानात ऐसपैस पसरून पसंती देतो. शेवटी दुकानदाराने समजून उमजून शटर अर्ध्यावर ओढलं, पोराला चहा आणायला धाडलं, आणि आम्ही दोघे पुरुष पाठ करून गल्ल्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

ती आधी मेमरीवालीवर निजली. सुख वाटलं, असं तिनेच सांगितलं. अंग धरून ठेवल्यासारखं. पण जरा वेळाने आवाज आला, "अवो, कूस बदलाले जोर लावा लागते यात." कंबर धरलेल्या माणसाला रात्रीतून कितीदा वळावं लागतं हे निरोगी माणसाला ठाऊक नसतं. दुसरीवर ती सहज वळली. पहाटे उठून चूल-गोठा पाहणाऱ्या बाईला गादीतून वर निघणं हा रोजचा व्यवहार आहे. पुण्यातल्या मुलाचा फोनवरून आग्रह होता मेमरी फोमचाच. त्याला नऊ वाजता उठायचं असतं.

टणक गादी पाठीला चांगली, या समजुतीची एकदा रीतसर परीक्षा झाली आहे. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या 313 माणसांना दोन गटांत वाटून टणक आणि मध्यम टणक गाद्यांवर 90 दिवस निजवलं. कोणती गादी कोणाला मिळाली हे त्यांना सांगितलं नव्हतं. 2003 साली लॅन्सेटमध्ये निकाल आला, तो मध्यम टणक गादीच्या बाजूने. "खाली नीज" सांगणाऱ्या आमच्या आज्यांची बाजू थोडी लंगडी पडली.

मुलाचा दुसरा सल्ला ऑनलाइन मागवण्याचा. गुंडाळून खोक्यात येते, शंभर रात्री निजून बघा, नाही पटली तर परत. गोष्ट चांगली आहे. पण शंभर रात्री म्हणजे सव्वातीन महिने, आणि आमच्या गावात गादीची परीक्षा वैशाखात आणि पौषात होते. दोहोंमधे आठ महिने जातात. रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशी आहे. बुलडाण्याला घाटावर वारा असतो, आम्ही खाली भाजत असतो. सोळाव्या शतकाच्या शेवटी इथे निजामशाहीतल्या दोन पक्षांची लढाई झाली, त्यात जमालखानाचं सैन्य शत्रूच्या आधी उन्हाने आणि पाण्याच्या टंचाईने बेजार झालं होतं. त्या काळचीच 1582ची मशीद गावात आहे. तिच्या भिंतींना दुपारी हात लावून पाहावा. मेमरी फोमचा स्वभाव असा की उष्णतेने तो सैल पडतो आणि थंडीत आखडतो. वैशाखात रात्री लाईट गेली, कूलर बंद पडला, की अंगाला चिकटून बसणारी ती दोन इंचांची माया कोणाला हवी? आणि पौषातल्या पहाटे तीच गादी अंग टाकल्यावर काही वेळ फळीसारखी राहणार. वातानुकूलित खोलीत हे दोष दिसत नाहीत. तिथे ती गादी उत्तमच असेल.

खरा पेच मला निराळाच वाटला. रुईची गादी दर चार-पाच वर्षांनी नवी होत होती. तोवर आपलं वजन, दुखणं, घरातली माणसं बदललेली असत आणि भरताना किलोभर रुई कमी-जास्त करता येई. फोम एकदाच ठरतो. पुढची आठ-दहा वर्षं आपलं शरीर कसं वागेल याचा अंदाज दुकानात उभ्या उभ्या बांधायचा. गुडघे जातील का, वजन उतरेल का, नातू येऊन मधे निजेल का, की गादीची एक बाजू रिकामी राहील. हे प्रश्न मी मोठ्याने विचारले नाहीत. तीही शटरआडून बाहेर येऊन पदर नीट करत म्हणाली, "ते जड हाये, तेच घ्या. चादर खाली सरकत नाही तिच्यात." तिला कारण विचारलं असतं तर दहा निघाली असती.

गादी टपावर बांधून आणली. दोर आवळून बांधला तरी वारा खालून शिरायचा आणि रस्ताभर ती फडफडत होती. घरी आल्यावर पहिला वाद उन्हावरून झाला. संक्रांतीनंतर गाद्या उन्हात टाकायच्या, हे बायकोच्या हाताला सवयीचं. फोमला ऊन चालत नाही. उन्हाने तो पिवळा पडतो, वरून भुगा होत जातो. सावलीत वारा द्यायचा, बस. तिला हे अजून पटलेलं नाही. "उन्ह न लागलेल्या गादीवर निजायचं कसं?" तडजोड अशी झाली की वर जुन्या लुगड्यांची वाकळ अंथरायची आणि ती वाकळ उन्हात टाकायची. त्याने घामाचाही बंदोबस्त झाला. फोमवर थेट निजलं की घाम मुरायला जागा नसते, सुती कापड तो पिऊन घेतं.

कंबरेचं म्हणाल तर फरक आहे, पण वेचणीही संपली होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते येत्या दिवाळीनंतरच कळेल. जुनी गादी ओसरीवरच्या बाजेवर गेली. दुपारी मी तिच्यावरच पडतो, खळगा माझ्या मापाचा झालेला आहे. काट्याची गोष्ट मात्र आमच्या आधी गावात पोचली होती. बघायला येणारी माणसं तळहाताने एकदा दाबतात, किंमत विचारत नाहीत, विचारतात, "कितीक किलोची भरली?"