मांडणी

स्वयंपाकघराची शोभा कशात असते, या प्रश्नावरून एका घरात एकदा लहानसा वाद झाला. वाईचे जुने घर सोडून ते कुटुंब पुण्यास राहावयास आले होते. नवे स्वयंपाकघर आटोपशीर होते. ओटा गुळगुळीत, भिंती पांढऱ्या, कपाटे बंद दारांची. वाईहून आणलेली भांड्यांची तीन पोती मात्र अजून बांधलेलीच होती.

वाईच्या घरी भिंतीला लाकडी मांडणी होती. तिच्या फळ्यांना पुढून आडवी पट्टी असे. तिच्या आधाराने ताटे उभी राहत. वरच्या फळीवर पितळी डबे चढत्या क्रमाने लावलेले, मधल्या फळीवर ताटे, वाट्या आणि फुलपात्रे, खालच्या फळीवर तपेल्या व पातेली. पळी, झारा, उलथने आणि सांडशी खिळ्यांना टांगलेली, कोपऱ्यात खलबत्ता. सकाळचे ऊन खिडकीतून आत आले, की सारी भिंत उजळून निघे. ती सजवावी असे कोणाच्या मनातही आले नव्हते. वारंवार लागणारे हाताशी असावे, जड ते खाली असावे, क्वचित लागणारे वर असावे, एवढाच त्यामागे विचार होता. सोय नेमकी साधली गेली आणि शोभा तिच्या पाठोपाठ आली.

घरातील १३ वर्षांच्या मुलीने पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले होते. पूर्वीच्या घरांतील भांडी, दिवे, अडकित्ते तेथे काळजीपूर्वक जपलेले आहेत. ती म्हणाली, "आपणही आपली भांडी बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात मांडू या. किती सुंदर दिसतील!"

"दिसतील खरी," आई म्हणाली, "पण दर आठवड्याला ती घासणार कोण?"

आई नोकरीला जात असे. तिचा प्रश्न खरा होता. तांब्यापितळेची भांडी हवेने काळवंडतात. चिंचेतील आम्लाने तो काळा थर निघतो, परंतु घासणाऱ्याच्या बोटांना तेच आम्ल झोंबते. आतून कल्हई नसेल, तर आमटी किंवा ताक अशा भांड्यांत कळकते. १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी पोलादात क्रोमियम मिसळून सहसा न गंजणारे पोलाद तयार केले. पुढे त्याच जातीच्या स्टेनलेस स्टीलची भांडी आपल्याकडे घरोघर आली. त्यांना ना कल्हई लागते, ना चिंच. बायकांच्या हातांना त्यांनी मोठाच विसावा दिला.

आता आजी जुन्या भांड्यांची बाजू घेणार, असे सर्वांना वाटले. आजी सावकाश म्हणाली, "५० वर्षे मी ही भांडी घासली. पाहुण्यांनी त्यांची चकाकी पाहिली, माझे हात कोणी पाहिले नाहीत. मोडीत घाला ती. जे रोज वापराल आणि जे घासायची स्वतःची तयारी असेल, तेवढेच ठेवा."

घर क्षणभर गप्प झाले. मग मुलांनी पोती सोडली. घंगाळ, मोठा हंडा, परात एकेक करून बाजूला निघाली. शेवटच्या पोत्यात एक पितळी तपेली सापडली. तिच्या काठाखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेले एक नाव होते. मुलीने ते वाचले. पण त्या नावाचे घरात कोणीच नव्हते.

"ते माझे," आजी म्हणाली. "माहेरचे. लग्नात माझ्या वडिलांनी ही तपेली दिली होती."

लग्नानंतर तिचे नाव बदलले. जुन्या नावाने हाक मारणारी माणसे एकेक करून गेली. ते नाव आता केवळ त्या पितळेवर उरले होते.

दुसऱ्या दिवशी मुले ती तपेली घेऊन कल्हईवाल्याकडे गेली. वाटेत कसबा पेठेतील तांबट आळीत भांडी मठारण्याचे ठोके ऐकू आले. त्या ठोक्यांनी पत्रा कठीण होतो आणि भांड्यावर नक्षीही उमटते. कल्हईवाल्याने तपेली तापविली, आत नवसागर टाकला. पांढरा धूर उठला. कथिलाचा तुकडा टेकवून त्याने कापसाच्या बोळ्याने हात फिरविला, तोच काळसर पितळ आतून चांदीसारखे झळकू लागले.

नव्या स्वयंपाकघरात आता एक उघडी फळी आहे. तिच्यावर ती तपेली, तीन पितळी डबे आणि खलबत्ता आहे. शेजारी कुकर आणि मिक्सरही आहेत. रोजची आमटी तपेलीत होते. बाकीची भांडी मोडीत गेली. त्याचे वाईट वाटले, पण तसा शब्द दिलेला होता. घासण्याचा शब्दही मुलांनी पाळला.

एका रविवारी धाकटा मुलगा चिंच घेऊन तपेली घासत बसला होता. काळा थर निघाला, अक्षरे उजळली आणि त्याने ते नाव सहज मोठ्याने वाचले.

आतल्या खोलीतून आजीने "ओ" दिली.