देण्याघेण्याचे गणित

संत्र्याच्या बागेचे ओलीत करणारा माणूस एक गोष्ट जाणून असतो. विहिरीला पाणी भरपूर असले, तरी ते सगळ्या ओळींकडे एकदम सोडून चालत नाही. शेवटच्या झाडापर्यंत मग थेंबही पोहोचत नाही. संगणकांच्या दळणवळणालाही हाच न्याय लागू पडतो, हे आम्हां भावंडांस गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत उमगले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे घर पांढुर्ण्यास, मामांचे सौसरास. या दोन तहसिली मिळून 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला; परंतु नात्यागोत्याने ही गावे पूर्वीपासूनच जोडलेली आहेत. मामांना दोन जुन्या संगणकांवर डेबियन ही मोफत कार्यप्रणाली बसवावयाची होती, आणि मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्तीही हवी होती. दोन्ही गोष्टी कोणीही घ्याव्या व कोणासही द्याव्या, अशा. म्हणून त्यांनी व आम्ही बिटटोरेंटचा मार्ग धरला.

ब्रॅम कोहेन यांनी 2001 साली काढलेली ही पद्धत मोठी न्यायी आहे. फाइलीचे लहान लहान तुकडे होतात. हाती आलेला तुकडा दुसऱ्यास देत राहावयाचे; जो देतो, त्यास इतरही देतात. ज्याच्याजवळ अद्याप काहीच नाही, अशा नवख्यासाठीही मूळ पद्धतीत दर तीस सेकंदांनी एक संधी राखून ठेवलेली आहे.

परंतु घरात निराळीच अडचण उभी राहिली. ताईचा शिकवणीचा वर्ग सायंकाळी संगणकावरून भरे. आमचे देणे सुरू झाले, की गुरुजींचा आवाज तुटू लागे आणि ताईचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. परीक्षा तर तोंडावर आलेली. बाबा म्हणाले, "देणे बंदच करून टाका रे. आपले काम झाले म्हणजे पुरे." त्यांचे म्हणणे गैर नव्हते. तथापि सर्वांनीच असे ठरविले, तर घ्यावयास उरणार काय, हा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देईना.

मग आम्ही मुळाशी गेलो. दोन संगणकांतील प्रत्येक जोडणीच्या टोकास सॉकेट म्हणतात. सॉकेटातून माहिती गेली, की पलीकडून तिची पोच यावी लागते. पोच आल्याखेरीज पुढचा माल मोकळेपणी निघत नाही. आम्ही जे घेत होतो, त्याची पोच आमच्याकडून जावयाची. परंतु बाहेर जाणारी वाट देण्याच्या मालाने तुंबलेली. पोच त्या रांगेत अडकून पडे. अशा रीतीने अमर्याद देण्यामुळे आमचे घेणेही मंदावत होते. ताईच्या वर्गाचीही तीच गत.

अशी कोंडी पूर्वी फार मोठ्या ठिकाणीही झाली होती. 1986 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बर्कलेमध्ये अवघ्या चारशे यार्डांवरील दोन संस्थांमधील वेग सेकंदाला 32,000 बिटांवरून 40 बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधून 1988 साली तो प्रसिद्ध केला. वाट अडलेली दिसताच पाठविणाऱ्याने आपला वेग आपण होऊन आवरावा, असे त्याचे सार आहे.

आम्हीही हेच केले. आमच्या जोडणीचा बाहेर जाण्याचा वेग मोजला. तो सेकंदाला 4 मेगाबिट भरला. देण्यास 3 मेगाबिटांची, म्हणजे 375 किलोबाइटांची, मर्यादा घातली. एकाच वेळी उघडावयाच्या जोडण्या शेकड्यांवरून साठांवर आणल्या. शेवटी सॉकेटाच्या साठ्याचा, म्हणजे बफरचा, हिशेब मांडला. तो फार लहान ठेवला, तर पोच येईपर्यंत वाट रिकामी राहते. फार मोठा ठेवला, तर रांग लांबते. पोच यावयास सेकंदाचा पाचवा भाग लागत असेल, तर 4 मेगाबिटांच्या वाटेस सुमारे 100 किलोबाइट पुरे होतात. शाळेतील गुणाकार घरी असा उपयोगी पडला! शिवाय यूटीपी ही पद्धत चालू केली. रांग वाढू लागताच ती स्वतः मागे सरते. घरात कोणी बोलू लागले असता समंजस माणूस आपला आवाज उतरवितो, तशी.

त्या सायंकाळी ताईचा वर्ग खंड न पडता पार पडला. फाइलही पूर्वीपेक्षा लवकर उतरली, आणि सौसरच्या संगणकांवर डेबियन बसले. आमचे काम संपले. देणे मात्र आम्ही चालू ठेवले आहे. दिवसा मर्यादा असते, रात्री सारे निजले की ती सैल होते. औदार्यालाही हिशेब लागतो, आणि तो केला तर घरच्यांस उपाशी न ठेवता परक्यांस वाढता येते, एवढे आम्ही शिकलो.

हल्ली रात्री जेवताना बाबाच विचारतात, "काय रे, आज किती गेले?"