रेशनकार्ड

मुलांनो, तुमच्या घरातील रेशनकार्ड कोठे असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हते.

गेल्या पावसाळ्यात अब्बांचे अपेंडिक्स फुटले. शस्त्रक्रिया झाली, पण पाचव्या दिवशी टाक्यांतून पू येऊ लागला. पोट पुन्हा उघडावे लागणार होते. पहिल्याच बिलात अम्मीच्या पाटल्या गेल्या होत्या. बिद्रीच्या शिवारात आमचा ऊस उभा होता. पण उसाचे पैसे तोडणीनंतरचे!

कोल्हापुरातील दुसऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्राने महात्मा फुले जन आरोग्य योजनेची माहिती दिली. (२०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती.) त्याने रेशनकार्ड मागितले. मी शेवटच्या गारगोटी गाडीने घरी आलो. अम्मीने तांदळाच्या डब्यामागून ते काढून दिले.

शुद्धीवर येताच अब्बांनी विचारले, “बेटा, म्हैस विकली नाहीस ना?”